समोशांपुरता गॅस

फरीहाला बघायला मागच्याच गल्लीतले शेखसाहेब सहकुटुंब येणार होते, आणि इकडे कढईतले समोसे कोमट तेलात नुसते डुंबत होते. रावळपिंडीत हाडं गोठवणारी थंडी पडली होती. पाइपातल्या गॅसचा दाब उतरला होता आणि शेगडीची ज्योत मिणमिणून विझायला आली होती.

"कच्चे वाढू का पाहुण्यांना?" तसनीमबेगम कडाडल्या. "लावा तो कॉम्प्रेसर!"

फरीहाचे अब्बा रियासत अली कानकोंडे झाले. शेजाऱ्यांच्या वाट्याचा गॅस पाइपातून ओढून घेणारं ते यंत्र म्हणजे शुद्ध चोरी, असं ते चौकात सगळ्यांना ऐकवत असत. तरी ते गुपचूप घरात आलं होतं आणि पलंगाखाली पडून होतं.

"फक्त समोशांपुरता हां," म्हणत त्यांनी यंत्र जोडून बटण दाबलं. ज्योत वीतभर उसळली. समोसे तांबूस व्हायला लागले, तोच फोन वाजला.

"भाईसाब, जरा उशीर होईल," शेखसाहेब ओरडत होते. "आमच्या अर्सलाननं अंगाला साबण लावला आणि गीझरच विझला! कुण्या हरामखोरानं कॉम्प्रेसर लावलाय!"

"तौबा तौबा! काय एकेक लोक असतात," म्हणत रियासत अलींनी धावत जाऊन बटण बंद केलं.

"अहो, समोसे!"

"समोसे गेले खड्ड्यात, जावई गारठतोय!"

थोडा वेळ थांबून, आता झाली असेल अंघोळ, अशा अंदाजानं बेगमनी हळूच बटण दाबलं. लगेच फोन.

"पुन्हा गेला! पोरगा डोकं धूत होता हो!"

शेवटी फरीहानंच वायर उपटली आणि ती हातात धरून दारात उभी राहिली. "अम्मी, त्याला न्यूमोनिया झाला तर मी निकाह कुणाशी लावू?"

पाहुणे आले. अर्सलानचं नाक लाल झालं होतं आणि कानामागे साबण वाळला होता. समोसे एका बाजूनं खरपूस, दुसऱ्या बाजूनं पांढरेफटक. शेखसाहेब गॅसचोरांना शिव्या घालत ते खात होते, रियासत अली खाली मान घालून "बरोबर, बरोबर" म्हणत होते. अर्सलान शिंकला की फरीहा ओढणीआड हसायची आणि तिला बघून तोही हसायचा.

निघताना शेखसाहेबांनी यजमानांना कोपऱ्यात ओढलं.

"आज अख्ख्या मोहल्ल्यात समोसे तळले गेले ते फक्त तुमच्याकडे," ते कुजबुजले.

रियासत अलींना थंडीतही घाम फुटला. "शेखसाहेब, ते काय झालं..."

"ते राहू द्या. दुकान कुठलं ते सांगा. आमचंही मशीन जोरात चालू होतं, पण तुमच्यापुढे त्याचा टिकावच लागला नाही!"