इथे खिळा ठोकू नये

"ही भिंत आज माझी!" बायकोने हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "हिच्यावर तुमची एकही पाटी दिसता कामा नये."

तिच्या नवऱ्याला सावधानराव हे नाव कारखान्यातल्या कामगारांनी ठेवलं होतं. सुरक्षा अधिकारी म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले, तेव्हा हे नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि पाट्याही आल्या. न्हाणीघराच्या दारावर 'फरशी ओली असू शकते', शेगडीच्या वर 'हात पोळेल', पलंगाच्या कडेला 'उतरताना आधी पाय टेकवावा'. सासूबाई राहायला आल्या, तेव्हा पाट्या वाचता वाचता उंबऱ्याला अडखळल्या. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावरही पाटी आली.

बायकोला मात्र आज हॉलची ती भिंत जिवापाड हवी होती. ती कित्येक वर्षं भरतकामाच्या वर्गाला जायची. तिथल्या बाई महाकडक. काम बघून त्या नुसतं "हं" म्हणायच्या, आणि हिच्या वाट्याला तर ते "हं"सुद्धा कधी आलं नव्हतं. यंदा तिने भिंतभर कापडावर हत्ती भरला होता. तो वार्षिक प्रदर्शनात घ्यायचा की नाही, हे ठरवायला बाई आज स्वतः घरी येणार होत्या.

"लाव की तुझा हत्ती, मी कुठे नाही म्हणतोय?" सावधानराव म्हणाले. "पण या भिंतीतून पाण्याचा पाईप गेलाय. तू खिळे ठोकणार. आधी पाटी लागली पाहिजे."

"अहो, पाईप कुठेय ते मला माहितीये!"

"माहिती असणाऱ्यांचेच अपघात होतात."

सावधानरावांनी पाटी आणली. 'सावधान! आत पाईप आहे. इथे खिळा ठोकू नये.' आता, पाटी नेमकी धोक्याच्या जागी आणि नजरेच्या उंचीवर हवी, हा त्यांचा आयुष्यभराचा दंडक. त्यांनी भिंतीला कान लावला, टकटक करून पाईप अचूक हुडकला, पेन्सिलीने फुली मारली आणि त्या फुलीवर सणसणीत खिळा ठोकला.

"अगं, आलं!"

"कोण? बाई आल्या?"

"पाणी!"

खिळा उडून कोचाखाली गेला आणि मागोमाग पाण्याची धार. सावधानरावांनी भोकावर अंगठा दाबला आणि ते भिंतीला पाठ लावून, तो हात डोक्याशी तसाच धरून उभे राहिले. बायको गच्चीवर धावली. टाकीचा व्हॉल्व्ह गच्चीवर, गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. प्लंबर फोनवर म्हणाला, "तासाभरात येतोच. तोवर अंगठा काढू नका."

तेवढ्यात खिडकीतून बाई फाटक उघडताना दिसल्या.

"अगं, सांग त्यांना सरळ, पाईप फुटला म्हणून."

"आणि त्या हत्ती न बघता परत गेल्या म्हणजे? गप उभे राहा!" बायको स्टुलावर चढली. तिने वरच्या दोन कोपऱ्यांत दोन खिळे ठोकले, पाईपला धक्काही न लावता, आणि नवऱ्यासकट सगळ्या भिंतीवर हत्ती सोडला.

बाई आल्या. चष्मा पुसून त्यांनी हत्तीकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

"अगं बाई! हा श्वास घेतोय की काय?"

"तुमचीच शिकवण, बाई," बायको म्हणाली. तिला दरदरून घाम फुटला होता.

बाई जवळ गेल्या. त्यांनी हत्तीच्या पोटावर हात फिरवला. पोट चटकन आत गेलं आणि हळूहळू पुन्हा बाहेर आलं.

"केवढं हे भरीव काम! कापूस किती घातलास गं?"

"काही विचारू नका. लग्न झाल्यापासून भरतेय."

कापडाआड सावधानरावांना राग आला, पण बोलायची सोय नव्हती. अंगठा बधिर झाला होता. तो जरासा सरकला आणि हत्तीच्या डोळ्याखाली ओल उतरू लागली.

बाईंनी ती पाहिली. "रडतोय गं हा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांना पदर लावला. "मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही. चुकलंच माझं."

बायकोच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे एक वाक्य ऐकायला ती किती वर्षं थांबली होती! बाई तिच्या पाठीवर थाप मारून, दाराशी तिच्या कानात काहीतरी सांगून, चहाही न घेता, भारावलेल्या अवस्थेत निघून गेल्या.

दार लागताच बायकोने कापड वर केलं. सावधानराव नखशिखांत भिजले होते, पण चेहरा उजळला होता.

"घेतला ना गं हत्ती?"

"घेतला. प्रदर्शनात दारातून शिरल्यावर समोरची भिंत दिलीये." बायको खाली बघत पदराचं टोक पिळू लागली. "पण बाई जाताना म्हणाल्या, अगदी असाच हवा. पोट असंच हललं पाहिजे आणि डोळ्याला असंच पाणी आलं पाहिजे."

सावधानरावांनी बायकोकडे पाहिलं. इतकी खूश ती त्यांना कधी दिसली नव्हती. त्यांनी मोकळ्या हाताने तोंडावरचं पाणी निपटलं.

"बरं," ते म्हणाले, "मधे जेवणाची सुट्टी असते ना?"