बाहेर आलेल्या तेलाचा पंचनामा

वैशाखरे येथील रहिवासी आणि एका सरकारी कचेरीतल्या आकडेवारी शाखेचे कारकून जयरामभाऊ यांनी रविवारी सकाळी नऊ वाजता, चहा झाल्यावर, आपल्या गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल घरच्या घरी बदलण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. सभेला ते एकटेच हजर होते.

गाडी जुनी, पण ऑटोमॅटिक होती. क्लच नसल्यामुळे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ती चार महिन्यांत शिकल्या. सोमवारी अकरा वाजता कल्याणला त्यांची लायसन्सची परीक्षा होती आणि शिकाऊ लायसन्सची मुदत मंगळवारी संपत होती. आधीच्या दोन तारखांपैकी एकदा सर्व्हर बसला होता आणि एकदा साहेब उठून गेले होते. ही तारीख चुकली की पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात. अंगणवाडीच्या कामासाठी सरस्वतीबाईंना चार पाड्यांवर जावे लागे आणि दर वेळी नवऱ्याच्या मिनतवाऱ्या करून त्यांचा जीव अगदी विटला होता.

आता ऐन वेळी गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली होती. परीक्षेत असा झटका बसला तर नापास, हे उघड होते. कंपनीच्या गॅरेजने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मग जयरामभाऊंनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात पांढरे हातमोजे घातलेला एक गृहस्थ झटके जुन्या तेलामुळे बसतात आणि ते बदलणे पंधरा मिनिटांचे काम आहे असे सांगत होता. जयरामभाऊंनी शनिवारीच मुरबाडहून नव्या तेलाचे एकेक लिटरचे सहा डबे आणून ठेवले.

"अहो, उद्या परीक्षा हाय. आज कशाला हात घालता?" सरस्वतीबाई म्हणाल्या.

"सरकारी कामात अडथळा आणू नकोस."

"गाडी आपली हाय. त्यात सरकारी काय?"

"माणूस सरकारी आहे ना."

अंगणाच्या कडेला पावसाच्या पाण्याचा चर आहे. त्याच्या दोन्ही अंगांना चाके येतील अशी गाडी उभी केली, चरात कपडे धुण्याचा पिवळा टब ठेवला आणि जयरामभाऊंनी पाठीवर झोपून खालचा बोल्ट सोडला. काळेकुट्ट तेल टबात पडले, थोडे मिशीवरही. अकरा मिनिटे झाली होती. त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि दुसऱ्या चहाची मागणी नोंदवली.

आपल्या भागात जळके ऑइल कुणाच्या एकट्याच्या मालकीचे नसते. ट्रॅक्टरचे असो, भातगिरणीचे असो, ते निघाल्याची वार्ता कानोकान जाते आणि माणसे डबे घेऊन येतात. खांबाला लावले की वाळवी लागत नाही. पहिला आला पाड्यावरचा धाकलू. पाठोपाठ गोठ्याच्या दारासाठी रखमी आली, मग ग्रामपंचायतीचे सदस्य भगीरथ आले, मग आणखी सात जण.

"भाऊ, नेऊ का थोडं?" धाकलूने विचारले.

"न्या, न्या. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" जयरामभाऊ बशीतून चहा पीत म्हणाले.

चहा संपला तेव्हा टबही संपला होता. मग त्यांनी व्हिडिओचे बारावे मिनिट सुरू केले. पांढऱ्या हातमोज्यांचा गृहस्थ म्हणाला, "बाहेर आलेलं तेल नीट मोजा. बरोबर तेवढंच नवीन भरायचं. कमी पडलं तर गिअर झिजतील, जास्त झालं तर फेस येऊन बाहेर पडेल. दोन्हीकडून गिअरबॉक्स गेलाच."

टब तर न मोजताच रिकामा झाला होता, पण जयरामभाऊ वीस वर्षे आकडे गोळा करत आले होते. त्यांनी तात्काळ तोंडी सर्वेक्षण हाती घेतले. लोकांनी तेल केव्हाच लाकडांना फासले होते, त्यामुळे किती नेले एवढेच विचारायचे होते. पण कारकुनाने दारात येऊन किती नेले असे विचारल्यावर खरे सांगण्याइतके गाव भोळे नाही.

"वाटीभर. तीबी लहान वाटी," धाकलू म्हणाला.

"माझं तर बोटबी बुडालं नाय," रखमी म्हणाली.

भगीरथांनी आपण फक्त वास घेतल्याचे सांगितले. दहा जणांची बेरीज नऊशे मिलिलिटर झाली.

एवढ्यावर गाडी उंबरठासुद्धा ओलांडणार नव्हती. तोंडी माहितीला आधार नसतो, लेखी घ्यावी, असे जयरामभाऊंच्या लक्षात आले. घरात कचेरीचे कोरे फॉर्म पडून होते, भाताच्या नुकसानीचे. त्यांनी 'भात' खोडून 'तेल' लिहिले आणि दहा प्रती वाटल्या. त्यात आधार क्रमांक आणि बँक खात्याचे रकाने तसेच राहिले.

बँक खात्याचा रकाना दिसताच गावाच्या स्मरणशक्तीत लक्षणीय सुधारणा झाली. धाकलूची वाटी तीन लिटरची निघाली. रखमीने दोन कळश्या लिहून दिल्या. भगीरथांनी आपला चार लिटरचा वास पासबुकाच्या झेरॉक्ससह सादर केला. जे आलेच नव्हते अशा तिघांनी उशिराचे अर्ज दिले. बेरीज तेवीस लिटर एकशे मिलिलिटर.

"कधी मिळनार?" रखमीने विचारले.

"काय?"

"ते तुमालाच ठाव. फॉर्म तुमचा हाय."

दुपारी दोन वाजता अंगणात बैठक भरली. दोन्ही सर्वेक्षणे अधिकृत असल्याने सरासरी काढावी, असे भगीरथांनी सुचवले. सरासरी आली बारा लिटर. घरात डबे सहा. जयरामभाऊंनी जरा विचार करून पन्नास टक्क्यांचा निकष लावला आणि बरोबर सहा लिटर आले. शिलकीशी जुळणाऱ्या आकड्याला कचेरीत अचूक म्हणतात. पंचनामा लिहिला गेला, सह्या झाल्या, दोन अंगठे उठले.

"भाऊ, भाताचं नुकसान मोजायला आलतात, तवाबी असंच केलंत का?" धाकलूने विचारले.

जयरामभाऊंनी पहिला डबा फोडला, तशा सरस्वतीबाई आतून आल्या. त्यांना रडू फुटायच्या बेतात होते आणि त्याहून जास्त राग आला होता.

"बाजूला व्हा. टब कुठाय माझा?"

टब चरात तसाच पडला होता. पिवळ्या प्लास्टिकवर तेल जिथपर्यंत चढले होते तिथे काळी रेघ स्वच्छ उमटली होती. सरस्वतीबाईंनी टब सपाट फरशीवर ठेवला आणि लिटरच्या बाटलीने त्यात पाणी ओतले. एक, दोन, तीन, आणि चौथी बाटली पाऊण झाली तेव्हा पाणी रेघेला टेकले.

"पावणेचार," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं टब इथंच पडलाय. इचारलं कुनी त्याला?"

बैठकीने टबाकडे पाहिले. टबाला पासबुक नव्हते.

सरस्वतीबाईंनी स्वतः उभे राहून खालचा बोल्ट आवळून घेतला आणि पावणेचार लिटर भरून घेतले. संध्याकाळी माळशेजच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. झटका नाही. सोमवारी त्या पास झाल्या. आता त्या पाड्यांवर स्वतः जातात आणि वेळ असेल तर वाटेत नवऱ्याला कचेरीत सोडतात.

पंचनामा मात्र सहा लिटरचाच राहिला. सोमवारी संध्याकाळी जयरामभाऊंनी त्या व्हिडिओखाली अनुभव लिहिला: 'या गाडीत अचूक सहा लिटर बसते. पंचनामा उपलब्ध.'

"अहो, पावणेचार लिहा की," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"कागद सहाचा आहे. तुझ्या टबावर सही कुणाची आहे?"

पुढे डोळखांबच्या एका माणसाने त्याच व्हिडिओखाली लिहिले, की सहा लिटर भरल्यावर गिअरबॉक्सने निम्मे तेल रस्त्यावर ओकले. त्यावर सदतीस जणांनी त्याला कळवले, की दोष त्याच्या गाडीतच असणार, आकडा बरोबर आहे.

जयरामभाऊंच्या त्या ओळीला आजवर चारशे बारा अंगठे मिळाले आहेत. त्यातले चारशे अकरा कोणाचे आहेत, याची चौकशी चालू आहे. एक तुमचा आहे. रात्री जेवताना मोबाइल चाळत होतात, पंचनामा असा शब्द दिसला, बरे वाटले, म्हणून दिलात. तुमच्याकडे तर गाडीसुद्धा नाही.