कुटाराची परीक्षा

आधी क्षमा मागतो. प्रगतिपुस्तकांवरील शेरे आणि रजेचे अर्ज यांपलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. पन्नाशीला टेकल्यावर एखाद्या माणसाचे चित्र शब्दांत काढू पाहणे हे धाडस माझ्या स्वभावाला मुळीच शोभत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्या दौलतरावांची परवानगीही मी घेतलेली नाही. ती मागण्यास मला तोंड उरलेले नाही.

दौलतराव माझे सहशिक्षक. सायकलीवर घालण्यासाठी गॉगल घ्यायचा, म्हणून ते बाजारात जात, तेव्हा सोबत एक सूप आणि पिशवीभर तुरीचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, घेऊन जात. दुकानातला गॉगल डोळ्यांवर चढवून ते ताठ उभे राहत आणि दुकानदाराच्या हाती सूप देऊन म्हणत, "उडवा तोंडावर." दुकानदाराने कुटार उडवले, की ते गॉगल काढून खिशातल्या आरशात पापण्या तपासत. एक जरी कण सापडला, तरी गॉगल नापास.

"गुरुजी, चष्मा घ्याचा हाये का धान उपणाचं हाये?" हिंगणघाटचा एक दुकानदार चिडून म्हणाला होता.

"रस्ता तुया दुकानात येऊन राह्यला का?" दौलतरावांनी शांतपणे विचारले. "नाई ना? मंग रस्त्यावरचं इथं आनाच लागते."

आम्ही दोघेही जामला राहत असू. शाळा तेथून चार मैलांवर, गिरडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीवाटेवर होती. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. वाटेवरची धूळ मात्र होती तशीच राहिली होती. मी ती डोळे किलकिले करून सोसत असे. दौलतराव सोसत नसत. "डोयाले मडगार्ड नसते, मास्तर," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते सकाळी एकदा, सायंकाळी एकदा आणि मधल्या सुट्टीत कुणी ऐकणारा भेटलाच तर आणखी एकदा होई.

त्यांनी किती गॉगल आणले आणि परत केले, याची गणती नाही. काळ्या काचेच्या गॉगलमुळे ते भर दुपारी नाल्यात उतरले. पिवळ्या काचेतून त्यांना मुख्याध्यापक आजारी दिसले, आणि त्यांनी सर्वांदेखत फार कळवळ्याने विचारले, "सर, कावीळ कवापासून हाये?"

या प्रयोगांत माझा प्रवेश झाला, तो माझ्या नाकामुळे. एके दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत दोरा काढला, आम्हा साऱ्यांची नाके मोजली आणि माझ्यापाशी येऊन थांबले. "हे बरोबर हाये. आमच्या घरचीसारखं. बारीक." तेव्हापासून प्रत्येक गॉगल प्रथम माझ्या नाकावर बसू लागला. सहकारी मला विचारू लागले, "का हो मास्तर, दौलतरावांच्या घरची तब्येत कशी आहे?" मी हसून वेळ मारून नेई; पण ते हसू आतून फार बोचत असे.

त्या नाकमोजणीचे कारण मला पुढे कळले. परतीच्या वाटेवर माझ्या सायकलीचे चाक पंक्चर झाले आणि ते जोडता जोडता दौलतराव खाली मान घालून बोलू लागले.

"कोनाले सांगू नका मास्तर. लग्नाचं पयलं वर्स होतं. नवी सायकल, अन् माया डोयावर नवा काया चष्मा. हौस होती. घरची मांगं बसली होती. समोरून पऱ्हाटीची बंडी आली." पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, बैलगाडीच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या काड्या भाल्यांसारख्या बाहेर आलेल्या असतात. "म्या मान वाकवली. माया मांगं तिचं तोंड होतं."

त्यांनी रबराच्या तुकड्यावर फुंकर मारली.

"एक डोया गेला. बारा वर्स झाले, सायकलीवर बसत नाई. म्हन्ते, पायी येतो. गिरडले माहेर हाये, तरी पायी. आता ज्या चष्म्यात एक बी कन जानार नाई, तो भेटला का तिले मांगं बसवतो. उरलेला डोया सांभाळून नेईन, असं दाखवाचं हाये तिले."

मी "हो" म्हटले. कुणालाही सांगणार नाही, असेही म्हटले.

तो गॉगल अखेर गिरडच्या जत्रेत सापडला. लढाईतल्या फटफटीस्वारांचा, लष्कराच्या लिलावातून आलेला. हिरवी काच, कडेने रबर, मागे पट्टा. परीक्षा माझ्याच तोंडावर झाली. टेकडीखालच्या त्या गर्दीत मी डोळ्यांवर गॉगल आणि केसांत कुटार घेऊन उभा राहिलो, आणि दौलतराव माझ्या पापण्यांपाशी आरसा धरून ओरडले, "पास! मास्तर, पास झाला!" त्यांनी मला मिठीच मारली. लोक हसत होते. मला त्या मिठीहून त्या हसण्याचीच अधिक जाणीव होती, हे येथे लिहिणे भाग आहे.

पुढल्याच महिन्यात शाळेचे स्नेहसंमेलन आले. प्रत्येक शिक्षकाने काही करून दाखवायचे होते. माझे नाव पुकारले गेले, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "मास्तर काय करणार? रजेचा अर्ज वाचतील!" सारा मंडप हसला. मला काय झाले, ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी स्वयंपाकाच्या बाजूने सूप मागवले, एका विद्यार्थ्याच्या हाती दिले, ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "उडवा तोंडावर."

मंडप कोसळायचा बाकी राहिला. तळहाताचा आरसा करून मी पापण्या तपासल्या. "डोयाले मडगार्ड नसते," म्हणालो. मुख्याध्यापक डोळे पुसत होते. माझ्या बोलण्याला लोक हसले, असे आयुष्यात प्रथमच घडत होते, आणि मला आणखी हवे होते. मग मी ते वाक्य उच्चारले, जे केवळ मला ठाऊक होते: "पास झाला का घरचीले मांगं बसवाचं हाये!"

सर्वांत मोठा हशा त्याला आला.

त्या हशातच मला बायकांच्या बाजूला हिरवी काच चमकलेली दिसली. एका बाईंनी डोळ्यांवरचा गॉगल पट्ट्यासकट काढला, पदराखाली घेतला आणि मान खाली घातली. एक डोळा मिटलेला होता. नाक बारीक होते. दौलतरावांच्या पत्नी सीतावहिनी बारा वर्षांनंतर त्या सकाळी प्रथमच सायकलीवर मागे बसून आल्या होत्या. हे मला नंतर कळले, पण सांगण्याची गरज नव्हती.

तिसऱ्या प्रहरी मी घरी निघालो, तो वाटेवर ते दोघे पुढे दिसले. दौलतराव सायकल हातात धरून चालत होते. गॉगल हँडलला लटकत होता. घंटी वाजवून पुढे जाण्याचे धैर्य मला झाले नाही. मी उतरलो आणि मागून चालू लागलो. वाऱ्याबरोबर त्यांचे बोलणे ऐकू येत होते.

"बस न सीता. कोनी नाई मांगं."

वहिनींनी वळून पाहिले. मी वाटेच्या मधोमध उभा होतो.

"हायेत," त्या म्हणाल्या. "मी पायीच येतो."

आम्ही तिघेही जामपर्यंत पायी गेलो.

दुसऱ्या दिवशी दौलतराव माझ्या टेबलापाशी आले. रात्रभर मी क्षमेची वाक्ये जुळवली होती. सारी शुद्ध होती, पण मी उठण्याआधी तेच बोलले.

"नक्कल बरोबर जमली मास्तर," ते म्हणाले. "सूप तेवढं उलटं धराले लावलं पोट्ट्याले." मग त्यांनी गॉगल माझ्यापुढे ठेवला. "ठेवा तुमी. तुमच्याच नाकावर पास झाला होता."

त्यानंतर मडगार्डाचे वाक्य शाळेत कधीही ऐकू आले नाही. उन्हाळ्यात त्यांची बदली आर्वीकडच्या एका शाळेत झाली. मी एकदाही तो गॉगल घातलेला नाही; दर रविवारी मात्र त्याची काच पुसतो, आणि रबर कडक होऊ नये म्हणून बोट फिरवतो.

आर्वीला बस जाते. हा गॉगल घेऊन मी त्यांच्या दारी गेलो, तर सीतावहिनी पुन्हा मागे बसतील का?