पाच नंबरची चेन

आपल्याकडे दोन माणसं भेटली की "जेवलात का?" असं विचारतात. आमचे शेजारी सुभेदार निकम "चेन लागली का?" असं विचारतात.

तेही हळू आवाजात नाही. पलटणीत आयुष्य काढलेला तो आवाज. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीच्या या टोकाला सुटला की त्या टोकाच्या किराणा दुकानात ऐकू जातो. मग गल्लीतले झाडून सगळे पुरुष एकदम खाली बघतात. समोरच्यांकडे पहिल्यांदाच सासरी आलेल्या जावयानं तर पेढ्यांचा पुडा जो पोटाखाली धरला, तो सासूबाईंनी मागितला तरी सोडला नाही.

सुभेदारांच्या मनात तसलं काही नसतं हो. त्यांची नजर तुमच्या खांद्यावरच्या बॅगेवर असते, जर्किनवर असते, बायकांच्या पर्सवर असते. पँट ही त्यांच्या काळजीतली एक बाब, इतकंच. जे उघडं राहिलं त्यातून काहीतरी सांडणार, हरवणार किंवा चोरीला जाणार, याबद्दल त्यांची बालंबाल खात्री आहे.

आता मी मुळात घाबरट. त्यात नोकरी विम्याच्या ऑफिसात. दिवसभर लोकांच्या आगी, अपघात आणि आजारपणं वाचायची आणि यातलं आपल्याला काय होईल याचा विचार करत घरी यायचं. अशा माणसाला शेजार कसा मिळावा? सकाळी निघालो की गॅलरीतून हाक येते, "कुलकर्नी, चेन!" मग मी सिग्नलला एकदा तपासतो, ऑफिसच्या जिन्यात एकदा तपासतो आणि साहेबांच्या केबिनबाहेर पुन्हा एकदा. साहेबांनी माझ्याबद्दल काय समज करून घेतलाय, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले. बायकोचं, म्हणजे शालनकाकींचं, माहेर जवळच्या आष्ट्याचं. जन्मभर नवऱ्याच्या बदल्यांमागं फिरले, आता तरी माहेराजवळ राहू द्या, असा काकींनी हट्ट धरला आणि पेन्शनीत आल्यावर दोघं सांगलीला आले. घरी बसल्यावर सुभेदारांना जी काळजी लागली, ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. शेवटी ती चेनमध्ये जाऊन बसली.

त्यांच्या गॅलरीत एक प्लास्टिकची खुर्ची, एक पकड, मेणबत्तीचे तुकडे, जुने टूथब्रश आणि बरणीभर रनर असतात. रनर म्हणजे चेनवरून वरखाली पळतो तो तुकडा; चेनच्या जाडीप्रमाणं त्याला तीन, पाच, आठ असे नंबर असतात. गल्लीतल्या कुणाचीही चेन बिघडली की ती या खुर्चीपुढं येते. "दातांचा कवाच दोष नसतोय गड्या," ते सांगतात. "दात आपलं जाग्याव असत्यात. रनर ढिल्ला हुतोय. त्येला हळू दाबायचा. लय जोरात दाबला की मेला!" मग ते रनरच्या कडा पकडीनं अशा चिमटतात, की बघणाऱ्याला आपलंच बोट पकडीत सापडल्यासारखं वाटावं. नंतर दातांवरून मेणबत्ती फिरते, रनर सरसर पळतो, आणि सुभेदार म्हणतात, "पास!"

चेन ओढणाऱ्या माणसांचा त्यांना भयंकर राग. अशांना ते "वढ्ये" म्हणतात. मी वढ्या आहे. माझ्या डब्याच्या पिशवीची चेन तिसऱ्यांदा नेली, तेव्हा ते म्हणाले, "कुलकर्नी, वर बर्फात असतास तर जर्किनची चेन वढून मोडली असतीस आन् छातीला गारठा धरून गेला असतास." त्यानंतर आठवडाभर मला छातीत गार वाटत होतं. सांगलीत, एप्रिल महिन्यात.

पण साताऱ्यात त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मी जे पाहिलं, त्यानंतर हा माणूस माझ्या मनात फार वर जाऊन बसला. मुहूर्त तोंडावर आला आणि नवरीच्या ब्लाउजची पाठीवरची चेन निम्म्यात अडकली. नवरीची आई रडायला लागली. भटजी घड्याळ बघायला लागले. शिवावं म्हटलं तर सुई-दोरा कुणाकडं नव्हता. सुभेदार पुढं झाले. पण नवरी म्हणजे होणारी सून, तिच्या उघड्या पाठीकडं बघायचं कसं? त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर करकचून बांधला. "रायफल आंधारात खोलाय-जोडाय शिकलोय. चला, कोनतरी माजा हात न्हिऊन चेनंवर ठेवा." मांडवात अक्षता वाटणं चालू होतं, आणि आत एक माणूस डोळे बांधून पकड चालवत होता. त्या दोन मिनिटांत मी सगळे वाईट विचार करून घेतले. तेवढ्यात आतून आवाज आला, "पास!"

शालनकाकी या सगळ्याकडं अडकित्त्यानं सुपारी कातरत बघत असायच्या. मोजकं बोलणारी बाई. हृदयाच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी सुपारी बंद केली, तेव्हा त्यांनी सुपारी सोडली. पण अडकित्ता कमरेच्या पिशवीतून काही निघाला नाही. "हाताला सवं हाय, आसूदे," म्हणाल्या.

ते दुखणं गेल्या पावसाळ्यानंतर वाढलं. हृदयाची झडप बदलायला हवी आणि वय बघता धोका आहे, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून सुभेदार बॅग भरत होते. काकींचे दवाखान्यात लागणारे कपडे एका पिशवीत गेले होते. ही बॅग वेगळी. तिच्यात काकींची घरी येताना नेसायची साडी होती, स्वेटर होता, चपलांचा नवा जोड होता. भरायची, चेन लावायची, पुन्हा उघडून बघायची, असं चाललं होतं. मी विचारलं, एवढ्यात कशाला? तर म्हणाले, "पलटनीत रजा मंजूर झाली की बॅगंची चेन लागायची. चेन लागली म्हंजे मानूस घरला जानार, ह्ये पक्कं. तिची बी लावून ठिवतो."

मी म्हटलं, ऑपरेशनच्या दिवशी मी येतो. ते म्हणाले, "नगं. तू भित्रा हाईस. तुला बघून मी भ्यायचो."

त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष कशातच नव्हतं. दुपारी फोन वाजला. "कुलकर्नी, चेन गेली!" एवढंच, आणि फोन बंद.

काकींच्या गळ्यात त्यांच्या आईची जाडजूड सोन्याची चेन असते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. ऑपरेशनआधी दागिने काढून नातेवाइकांच्या हातात देतात, हेही मला ठाऊक. आत बायको टेबलावर आणि बाहेर चेन चोरीला! मी स्कूटर काढली आणि मिरज रस्त्याला लागलो. हॉस्पिटलच्या गेटवरच वॉचमनला ओरडून सांगितलं, गेट लावा, आत चेनचोर आहे! बिचाऱ्यानं खरंच गेट लावलं आणि काठी घेऊन माझ्याबरोबर धावत वर आला.

सुभेदार बाकावर बसले होते. वॉचमननं विचारलं, "बाबा, कितीची होती?"

"पाच नंबरची," सुभेदार म्हणाले.

"नंबर न्हवं, तोळं! किती तोळ्याची?"

"तोळं कसलं रं? पाच नंबरची, काळी." आणि त्यांनी मांडीवरची बॅग उचलून दाखवली. तिची चेन तोंड वासून पडली होती.

वॉचमननं माझ्याकडं असं काही पाहिलं, की तो काठीनं मलाच हाणतोय की काय असं वाटलं. मग तो गेट उघडायला गेला. मी धापा टाकत विचारलं, "आणि काकींची? सोन्याची?"

"ती व्हय? ती कुठं जातीया!" त्यांनी सदऱ्याच्या आतली बंडी दाखवली. बंडीला खिसा होता आणि खिशाला चेन होती. लावलेली.

मला हसू येणार होतं, पण त्यांच्या हातांकडं लक्ष गेलं. बॅगेच्या उघड्या दातांवरून ते उगाच वरखाली फिरत होते. काकींना आत नेऊन बराच वेळ झाला होता. मुलगी शिरवळहून निघाली होती, अजून पोचली नव्हती. "ही उघडी हाय आन् ती आत हाय," ते म्हणाले. "काय सुदरंना बग मला." पकड खिशात होतीच, पण ती रनरवर टेकेना. मी बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरली. पण पकडीपेक्षा बॅगच जास्त हलायला लागली, त्यामुळे फार उपयोग झाला नाही.

कसाबसा रनर निघाला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला आणि बघतच राहिले.

"काय झालं?"

"ह्यो आपसूक ढिल्ला न्हाई झाला. उचकाटलाय. ह्यो वळ बग. पकडीचा आसता तर दोनी अंगाला उठला असता. ह्यो एकाच अंगाला हाय." त्यांनी रनर उलटून पाहिला. "आडकित्त्याचा हाय ह्यो."

मला काही कळेना.

"आत न्ह्यायच्या आदी मला म्हनली, जरा नर्स कुठं हाय बगून या. आलो तर गप पडलीवती. तवाच क्येलंय तिनं." त्यांनी रनर मुठीत धरला. "घरात बी हेच करती. मी लय घाबरा झालो, की येकादी चेन मोडून पुढ्यात आनून टाकती. म्हनती, आवं ही बगा की, बिगाडली. मला काय वळ वळकू येत न्हाई व्हय? पर मी बोलत न्हाई. तिला वाटतं मला म्हाईत न्हाई."

मग त्यांनी डोळे पुसले, रनर हळू दाबला आणि दातांत घातला. चेन सरळ लागली. मी म्हटलं, "झाली की!"

त्यांनी समोरच्या बंद दाराकडं बघितलं. रनर पुन्हा ओढून बाहेर काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कितीदा काढला आणि कितीदा घातला, मी मोजलं नाही. मी नुसती बॅग धरून बसलो होतो. मलाही दुसरं काही येत नव्हतं.

शेवटी दार उघडलं. नर्स बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाली, "निकम कोण? ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यात आजी." मग जराशी हसून म्हणाली, "बोलू नका सांगितलं तरी एकच विचारतायत. बॅग झाली का त्यांची?"

बॅग सुभेदारांच्या मांडीवर होती. तिची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत लागलेली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"अजून न्हाई म्हनावं," ते म्हणाले. "म्हनावं, लय अवगाड काम हाय. बसलोय करत."