टिपणीसबाईंचा अंतरपाट

टिपणीसबाई पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसल्या तेव्हा त्यांनी माझ्या भाकरीवर कंपास लावला. खोटं नाही सांगत. पर्समधून काढला, टोक भाकरीच्या मधोमध टेकवलं, पेन्सिल वरच्यावर फिरवली आणि म्हणाल्या, "गोल नाही, लंबगोल आहे. पण मऊ दिसतेय." माझ्या तांदळाच्या भाकरीला सासूनेसुद्धा कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि माझी सासू कुणाला सोडायची नाही.

पनवेलला आमच्या गावठाणासमोर नवी इमारत झाली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर बाई एकट्या राहतात. सगळी नोकरी त्यांनी एका कंपनीत नकाशांच्या खात्यात केली. साहेबांनी काढलेले यंत्रांचे नकाशे पातळ कागदाखाली धरून वरून शाईने गिरवायचे, हे काम. रिटायर झाल्यावर त्या भरतकामाकडे वळल्या. कंपनी सुटली, पण पट्टी, गुण्या, कोनमापक, काही म्हणता काही सुटलं नाही. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या असतात. एक कडक, एक मऊ. फूल माळलेलं मी कधी पाहिलं नाही.

"आधी मध्य काढा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मासळी बाजारातसुद्धा सुटका नाही. कोळणीने सुरमईवर कोयता उचलला की बाई म्हणणार, "थांबा, आधी मध्य काढा." ती एकदा वैतागून म्हणाली, "मध्य काढते बाय, पन काटा कोन काढंल, तुजा बापूस?" बाईंना राग नाही आला. त्यांनी कोयता आणि मासा यांच्यामधला कोन सांगितला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरल्या घरात माझ्या जावेला म्हणाल्या, "टिकली किंचित डावीकडे गेलीय तुमची." तेव्हापासून जाऊबाई टिकली लावताना कपाळापासून नाकापर्यंत दोरा धरतात.

लोक हसतात. मीही हसते. पण आतून माझा जळफळाट होतो, आणि त्याचं कारण प्रणाली.

प्रणाली म्हणजे माझ्या दिरांची मुलगी. दीर आणि जाऊ सकाळीच कळंबोलीला त्यांच्या लोखंडाच्या गाळ्यावर जातात, म्हणून पोरगी पाळण्यापासून माझ्याजवळ. मला मूल नाही. सुईत दोरा ओवायला तिला मी शिकवलं. मला भरतकाम येतं. आपटा गावी माहेरी चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा शेजारच्या रुकैयाचाचींनी ओट्यावर बसवून मला साखळी टाका, गाठीचा टाका, भरीव टाका शिकवला. रेघ नाही, माप नाही. डोळ्याने बघायचं आणि सुई घालायची.

बाईंनी भरतकामाचा क्लास काढला आणि प्रणाली त्यात गेली. मलाही ओढून नेलं. "चल ना गो काकी, मॅडम बेसिकपासून शिकवतात." मला बेसिक! पण तिच्याबरोबर बसायला मिळेल म्हणून गेले.

सुरुवातीला सुई हातात दिलीच नाही. रुमालाच्या घड्या घालून मध्य काढायचा, मध्यातून उभी रेघ, आडवी रेघ, मग गोल, मग गोलाचे सारखे भाग. "पेन्सिलीचं चुकलं तर खोडता येतं," बाई म्हणायच्या, "सुईचं चुकलं तर कापडाला भोकं राहतात. आणि डोळ्यावर विसंबू नका, डोळा लाच खातो." मग कागदावरच्या नक्षीला बारीक भोकं पाडून वरून नीळ-रॉकेलचा बोळा फिरवायचा. कागद उचलला की खाली कापडावर निळ्या ठिपक्यांचं फूल. बायका "अय्या" म्हणायच्या. प्रणाली सगळ्यांत मोठ्याने.

मी आपलं मनाने एक कमळ भरलं. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं.

"टाका सुरेख आहे हो. पण या फुलाचा तोल जातोय. उजवीकडे पडेल."

"कापडावर हाय बाई, परंल कुठं?" मी म्हटलं. एवढं बोलतानाही माझे कान तापले. चार बायकांत माझा आवाज निघत नाही.

"नजर पडते ना. डावीकडे एक कळी द्या आणि वर जागा मोकळी सोडा. फुलाला श्वास लागतो."

कळी दिली. कमळ चांगलं दिसायला लागलं, हे जास्त झोंबलं. त्यातून प्रणाली म्हणाली, "बघ काकी, मी बोलत होते ना!" दुसऱ्या दिवसापासून मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि क्लास सोडला. पोरगी मात्र घरी येऊन पोळपाटाचा मध्य काढायला लागली.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा नेरे गावचा, चांगला आहे. मी मनात अंतरपाटाचं कापडसुद्धा ठरवून टाकलं. आमच्या गल्लीत लग्न कुणाचंही असो, नवरा-नवरीमध्ये धरायचा अंतरपाट माझ्या हातचा. लाल स्वस्तिक, दोन बाजूंना कलश, खाली नावं. कुणी सांगावं लागत नाही. आणि हे तर माझ्या पोरीचं लग्न.

प्रणाली आली, गळ्यात पडली. मला वाटलं आता म्हणेल.

"काकी, तुझा गुडघा दुखतो ना, मग अंतरपाट मॅडम करतायत. त्यांनीच इचारलं."

मी म्हटलं, "बरं झालं गो." आणि पाटावर बसून वाल सोलायला घेतले. सोलून झाल्यावर पाहिलं तर दाणे सालांच्या टोपलीत आणि सालं पातेल्यात.

पुढचं ऐकून तर मी थक्क झाले. बाईंनी नवऱ्या मुलाला नेऱ्याहून बोलावून घेतलं, भिंतीला टेकवून उभं केलं आणि डोळ्यांच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली. तो बिचारा हात पसरून उभा राहिला. त्याला वाटलं सुटाचं माप घेतायत. प्रणालीलाही तशीच उभी केली, अंबाडा घालून, पायाखाली पाट देऊन. सगळं गाव हसलं. मी घरोघरी जाऊन थोडं जास्तच हसवलं.

लग्न जवळ आलं तेव्हा मला राहवेना. बाईंनी मागे सांडगे दिले होते, तो डबा परत करायचं निमित्त काढून गेले. मनात एकच, कुठेतरी चूक दिसू दे.

हॉलमध्ये लांब लाकडी चौकटीवर अंतरपाट ताणलेला. मी पाहिला आणि चूक शोधायचीच विसरले. स्वस्तिकाच्या भुजा सुरीने कापल्यासारख्या. कडेने आंब्याची पानं, एकासारखं एक. मध्ये इतकी मोकळी जागा की आपणच मोठा श्वास घ्यावा. असं मला जन्मात जमलं नसतं.

"ही बाजू मुलाकडची," बाई म्हणाल्या. "दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवायची आहेत. एकाच कापडावर केलं की मुलीच्या बाजूला उलटं स्वस्तिक येतं आणि दोऱ्याच्या गाठी."

इतकी वर्षं गल्लीतल्या सगळ्या नवऱ्या मुलींना मी गाठीच दाखवल्या होत्या. एकीनेही तक्रार केली नाही, आणि ही बाई गल्लीतलं एकच लग्न बघून सांगते.

त्यांनी दुसरं कापड उलगडलं. कोरं. मधोमध एक पुसट पेन्सिलीची फुली.

"हे झालं नाही वाटतं?" मला आवाजातला आनंद लपवता आला नाही.

"ही तिच्या डोळ्यांची जागा. इथे काय काढायचं ते मला येत नाही."

"तुमाला येत नाय?"

"माझ्याकडे नमुने पुष्कळ आहेत. पण तिच्या ओळखीचा एकही नाही." त्या कापडावरची नसलेली सुरकुती साफ करत राहिल्या. "माझ्या वेळी कोरंच होतं. पांढरं. भटजींचा आवाज, डोक्यावर अक्षता पडतायत, आणि समोर नुसतं कापड. आपलं माणूस एक दिसत नाही. मला फार भीती वाटली होती हो."

बाईंचं लग्न झालं होतं हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"मग?"

"मग कापड खाली आलं. पलीकडे चांगला माणूस होता. वर्षभरात आजाराने गेला." पेन्सिलीच्या फुलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "त्याचा चेहरा आता नीट आठवत नाही. ते कापड मात्र आठवतं. तुम्ही भराल का ही बाजू? तुमचा टाका तिला लांबूनही कळेल."

मी सुई घेतली. आमच्या दारचा शेवगा भरला, त्याखालचा ओटा, ओट्यावर आमची मांजर. प्रणाली तिला मांडीवर घेऊन लहानाची मोठी झाली. रेघ मारली नाही, मध्य काढला नाही. बाई शेजारी बसून बघायच्या. मांजरीचा एक कान मोठा व्हायला लागला तेव्हा त्यांचा हात अंबाड्यातल्या पेन्सिलीकडे गेला, तिथून परत आला, आणि त्या चहा टाकायला म्हणून उठून गेल्या. ओटा कलला तेव्हाही चहा झाला. त्या दुपारी आम्ही फार चहा प्यालो.

लग्नात अंतरपाट धरला तेव्हा सगळा मांडव मुलाच्या बाजूचं काम बघत होता. "काय सफाई हाय!" सगळे बाईंचंच नाव घेत होते, आणि मी नव्या साडीत उभी राहून जळत होते. माझी बाजू दिसत होती फक्त प्रणालीला आणि तिच्या पाठीमागच्या दोघीतिघींना. मंगलाष्टकं सुरू झाली. तिने मान वर केली, मांजर पाहिली, आणि भर मांडवात फिसकन हसली. भटजींनी डोळे वटारले. तिने मान वळवून मला शोधलं, सापडेपर्यंत शोधलं.

टिपणीसबाई तिच्या पाठीमागे उभ्या होत्या. त्या प्रणालीच्या खांद्यावरून कापडाकडे बघत होत्या, हातातल्या अक्षता तशाच मुठीत. कापड खाली आलं, वाजंत्री वाजली, सगळे पुढे धावले. भटजींनी अंतरपाट गोळा करून खुर्चीवर टाकला. बाईंनी तो उचलला, कोपऱ्यात जाऊन बसल्या, मांजरीची बाजू वर करून मांडीवर पसरला आणि त्यावरच्या अक्षता एकेक वेचायला लागल्या.

मी जवळ गेले.

"हसली," त्या म्हणाल्या.

"हसली."

"भीती नाही वाटली तिला."

"नाय वाटली."

मी अंतरपाट मागितला नाही. त्यांनीही दिला नाही.

आता तो त्यांच्या हॉलच्या भिंतीवर आहे. माझी बाजू बाहेर, आणि त्यांनी वर्षानुवर्षं कमावलेली सफाई भिंतीकडे तोंड करून. प्रणाली नेऱ्याहून आली की विचारते, "काकी, माझा अंतरपाट कुठं ठेवलास? सासूबाई मागतात." मी म्हणते, "लग्नाच्या गडबडीत कुठं गेला, कोन जानं गो." आणि समोरच्या इमारतीकडची खिडकी तेवढी ओढून घेते.