उजव्या हाताचं दार

"मावशी, उद्या गॅलरीत बसा आणि गंमत बघा!" कॉर्नवॉलचे खासदार विल्फ्रेड ट्रेगिअर साहेबांनी छाती ठोकून सांगितलं. "तुमचं जेवण संसदेत पास करून दाखवतो!"

साहेबांच्या पक्षाची योजनाच तशी होती. सत्तरी उलटली की दुपारचं गरम जेवण घरपोच, फुकट! सगळं कॉर्नवॉल खूश. संसदेत मात्र मतं अगदी काठावर.

"जेवण नाही, तर मतही नाही, विल्फ्रेड!" सत्तरी उलटलेल्या पास्को मावशींनी तोंडावर बजावलं.

दुसऱ्या दिवशी लंडनला मतदानाची घंटा घणघणली. योजनेच्या बाजूचे उजव्या हाताच्या दालनात, विरोधातले डाव्या. घंटा थांबली की दारं बंद!

साहेब उठले. वर गॅलरीत मावशी रुमाल हलवत होत्या. साहेबांना राहवेना. मावशींकडे तोंड, दारांकडे पाठ, असे नवरदेवासारखे हात हलवत ते उलटे चालत निघाले आणि ऐटीत उजव्या हाताला वळले. उलट्या चालणाऱ्याचा उजवा हात कुठे नेतो, हे त्यांना दार बंद झाल्यावर कळलं!

"या, या! शेवटी अक्कल आली म्हणायची!" विरोधकांनी टाळ्या पिटल्या.

साहेबांचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला. मोजणाऱ्यासमोरून गेलं की मत विरोधात! ते धावत कोपऱ्यातल्या संडासात शिरले. आत पाच विरोधक डब्यातल्या मासळीसारखे ठासून उभे!

"तुम्ही इथे कसे?"

"हळू बोल, मेल्या!" त्यातला मॉर्टिमर कुजबुजला. "सासू एकाहत्तरची आहे. योजना पडली, तर जन्मभर माझ्याच टेबलावर जेवेल!"

"मग बाजूने द्यायचं होतं मत!"

"आणि पक्षाने जिवंत सोडलं असतं?"

योजना तीन मतांनी पास झाली! साहेब हात पसरून मावशींकडे धावले. "जिंकलो, मावशी!"

"तुझ्यावाचून जिंकलो! विरोधकांच्या दारात शिरलास, तोही मला टाटा करत!"

"मावशी, देवाशप्पथ, मी मत दिलंच नाही! सगळा वेळ संडासात होतो. या मॉर्टिमरला विचारा!"

मॉर्टिमरच्या शेजारी त्याचा पक्षप्रमुख उभा होता.

"संडासात?" मॉर्टिमर म्हणाला. "मी तर ह्यांना आज पहिल्यांदाच बघतोय!"

पुढच्या निवडणुकीत साहेब सपशेल आपटले. आता त्यांचीही सत्तरी उलटली आहे. जेवण रोज येतं, अगदी गरम. पण खिडकीतून! पास्को मावशींची डबेवाल्याला तशी ताकीदच आहे: "दारांचं काही विल्फ्रेडला जमत नाही."