आपांचा नकाराधिकार

गोव्यातल्या आमच्या पार्से गावात लोक फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ लिहितात. आपांनी खडूने लिहिलंय, ‘सार्वभौम प्रदेश’.

वाड्यावरची आम्ही सहा घरं मिळून काजूच्या फेणीची भट्टी चालवतो. आपाही त्यात आहेत, पण त्यांच्या अटीवर: कुठलाही निर्णय एकमतानेच. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, वारल्या, मुलगा पोर्तुगीज पासपोर्टावर आयर्लंडला गेला, आणि आपांना युरोपीय संघाचं वेड लागलं.

“थंय एक बारको देश नाय म्हणता, आणि सगळो युरोप बसान रवता! मी संघात आसंय, पण राज्य माझा माझ्याकडेच.”

भट्टीला नवी हंडी? “माका मान्य नाय.” वर पत्रे घालूया? “माका मान्य नाय.” मग आम्ही पाचजणांनी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर, सोप्यावर जाऊन बसायचं. आपा स्वतः चहा करत, पाववाल्या पोदेराकडून खास आणलेले गोल पाव, उंडे, पुढे ठेवत. अशा दोन-तीन बैठका झाल्या की म्हणत, “बरां. संघाच्या हितासाठी मान्य.”

यंदा वरच्या वाड्यावरची घरंही भट्टीत यायची म्हणाली.

“विस्तार?” आपा कडाडले. “माका मान्य नाय!”

माझा चुलतभाऊ गजा वैतागला. “इतकी घरां झाल्यार दर खेपेक आपांची मनधरणी कोण करतलो? आता बहुमत!”

हात वर झाले. माझाही झाला. त्या चहाने मला पित्त व्हायचं, पण हे आपांच्या तोंडावर कसं सांगणार? एकमताचा नियम आम्ही बहुमताने मोडला. हे कुठल्या कायद्यात बसतं, असंही न विचारता आपा उठून गेले.

संध्याकाळी त्यांच्या फाटकावरून चाललो होतो. सोप्यावर पाच खुर्च्या पुसून मांडलेल्या. फडक्याखाली उंडे. इस्त्रीचा सदरा घालून आपा रस्त्याकडे बघत बसलेले.

मला पुढे जाववेना.

“आपा, विस्ताराचा काय म्हणतास?”

“माका कित्याक विचारतंस? बहुमत आसा मरे तुमच्याकडे.”

“आसूंदे. तुमका मान्य आसा?”

आपांनी मला निरखून पाहिलं. हळूहळू मान ताठ झाली.

“मुळीच नाय!”

मी फाटक उघडून आत शिरलो आणि गजाला फोन लावला. “सगळ्यांका घेवन ये. आपा अडून बसलेत.”

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.